बिझनेस + क्रिमिनल जस्टिस : अमेरिकेतली ऑनलाइन जोडपदवी घेताना नेमकं काय तपासायचं?

चौकस | सोम, २१:१४

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या जाहिरातींत हल्ली ही जोडी बरीच दिसते. अर्धा बिझनेस, अर्धा क्रिमिनल जस्टिस (पुढे नुसतं 'सीजे' म्हणतो), सगळं घरबसल्या. पूर्वी जे धागे निघाले ते 'कुठलं कॉलेज चांगलं' यावरच फिरत राहिले आणि शेवटी भांडणावर गेले. इथे कॉलेजांची क्रमवारी नको. मुद्दे असे :

१. जोडपदवी म्हणजे कागदावर नक्की काय मिळतं?
२. क्रेडिटचा (विषयाच्या भाराचं माप, एका विषयाला सहसा ३) हिशेब कसा बसतो, कुठे फसतो?
३. मान्यता कशी तपासायची?
४. एच-४ (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा), ग्रीन कार्ड, नागरिक यांना काय काय लागू होतं?
५. पुढच्या नोकऱ्या आणि त्यांच्या छापील अटी.

माहीतगारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती. 'मनापासून अभ्यास केला की सगळं होतं' छापाचे प्रतिसाद नकोत.

---

ताळेबंद | सोम, २१:५२

पहिला मुद्दा आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. 'कम्बाइन्ड' या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

डबल मेजर : पदवी एकच, साधारण १२० क्रेडिट, दोन्ही विषयांच्या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) अटी पूर्ण.

ड्युअल डिग्री : दोन स्वतंत्र पदव्या. बहुतेक कॉलेजं दुसऱ्या पदवीसाठी ३० जादा क्रेडिट मागतात, म्हणजे एकूण १५० च्या घरात.

मेजर + मायनर : मायनर म्हणजे दुय्यम विषय, साधारण १५ ते १८ क्रेडिटचा.

कॉन्सन्ट्रेशन : सीजेची पदवी, आत 'बिझनेस' नावाचे चारपाच विषय. जाहिरात सर्वांत चकचकीत याचीच, आणि आत माल सर्वांत कमी.

अ‍ॅडव्हायजरला फोन करण्याआधी त्या वर्षाचा कॅटलॉग (कॉलेजची विषय आणि अटींची पुस्तिका) उतरवून घ्या आणि पदवीचं नाव अक्षरशः काय आहे ते बघा. ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) तेच छापून येतं. ज्या वर्षी प्रवेश घेता त्या वर्षीचा कॅटलॉग सहसा तुम्हाला लागू राहतो, म्हणून ती पीडीएफ जपून ठेवा. दोन वर्षांनी अटी बदलल्या की तीच कामाला येते.

आता हिशेब. जनरल एज्युकेशन (सगळ्यांना सक्तीचे सामान्य विषय) सुमारे ४०. बिझनेसचा गाभा (दोन अकाउंटिंग, दोन अर्थशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, फायनान्स, मार्केटिंग, मॅनेजमेंट, बिझनेस लॉ, ऑपरेशन्स, कॅपस्टोन म्हणजे शेवटचा समारोपाचा विषय, इत्यादी) ३६ ते ४५. सीजेचं मेजर ३३ ते ३६. बेरीज ११० ते १२० वर जाते. म्हणजे डबल मेजरमध्ये मोकळे ऐच्छिक विषय जवळजवळ उरतच नाहीत, आणि एखादा विषय चुकून दोनदा घेतला तर पदवी एका सत्राने लांबते.

हे दोनदा घेणं सर्वांत जास्त होतं ते स्टॅटिस्टिक्समध्ये. बिझनेस विभागाचा स्टॅट्स वेगळा, सीजेचा 'रीसर्च मेथड्स अँड स्टॅटिस्टिक्स' वेगळा. एकमेकांच्या जागी चालतो का, ते ईमेलवर लेखी घ्या. तोंडी 'हो हो, चालेल' पदवी तपासणीच्या वेळी कोणी मानत नाही. नीतिशास्त्राच्या विषयाचीही तीच गत.

---

रानवारा | सोम, २२:०८

वाचनखूण साठवली. एक शंका : कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) ६० क्रेडिट आधी करून मग वर ट्रान्सफर केलं तर स्वस्त पडतं ना?

---

ताळेबंद | सोम, २२:३१

@रानवारा, पडतं. पण तीन अटी एकदम बघायच्या. लोक एकच बघतात.

(अ) कमाल ट्रान्सफर. ऑनलाइन पदवीवाली बरीच कॉलेजं ९० पर्यंत घेतात.
(आ) रेसिडेन्सी. त्या कॉलेजातच करायची किमान क्रेडिट, बहुधा ३०. ऑनलाइन असलं तरी शब्द रेसिडेन्सीच, राहण्याशी संबंध नाही.
(इ) अप्पर डिव्हिजन, म्हणजे ३००-४०० क्रमांकाचे विषय. यांची किमान अट कॉलेजानुसार ३० ते ४५.

कम्युनिटी कॉलेजचे विषय १००-२०० क्रमांकाचे असतात. ९० क्रेडिट ट्रान्सफर झाले म्हणून खूश व्हायचं आणि मग कळायचं की अप्पर डिव्हिजनचे ४५ हवेत आणि जागा उरल्यात ३०. तिथे १५ क्रेडिटचे पैसे फुकट गेलेले असतात. ६० ते ७० वर थांबणं बरं.

क्लेप परीक्षाही वापरता येतात, म्हणजे विषय न घेता नुसती परीक्षा देऊन क्रेडिट. कॉलेज बोर्ड घेतं, एका परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आत, २० ते ८० च्या मापात ५० ला क्रेडिट द्यावं अशी एसीई या शिक्षणसंस्थांच्या परिषदेची शिफारस. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचे मोफत कोर्स पुरे केले की फीचं व्हाउचरही मिळतं. समाजशास्त्र, मानसशास्त्र, अमेरिकन गव्हर्नमेंट, मार्केटिंग, मॅनेजमेंट हे विषय तिथे आहेत. सीजेची ओळख करून देणारा पेपर क्लेपमध्ये नाही, तो डीएसएसटी या तशाच दुसऱ्या परीक्षांत आहे.

फक्त अकाउंटिंग क्लेपने उडवू नका. कारण एक, पुढचा इंटरमिजिएटचा विषय त्याच पायावर उभा असतो. कारण दोन, क्लेपला ग्रेड नसते, त्यामुळे जीपीए (ग्रेडची सरासरी) उचलायला त्याचा उपयोग शून्य. आणि जीपीएचं महत्त्व काय ते नोकरीच्या मुद्द्यात येईलच.

---

नियमावली | मंगळ, ०७:२०

मान्यतेबद्दल लिहिते.

संस्थेची मान्यता आणि विभागाची मान्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संस्थेसाठी एचएलसी, मिडल स्टेट्स, सॅक्सकॉक, न्यू इंग्लंडची नीची, वायव्येची एनडब्ल्यूसीसीयू, पश्चिमेची वस्क या मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीचे नाव दिसले पाहिजे. शिक्षण खात्याने २०२० च्या नियमांत 'रीजनल' आणि 'नॅशनल' हा सरकारी भेद काढून टाकला, तरी कॉलेजांचे ट्रान्सफर विभाग आणि काही नोकरदाते अजून 'रीजनली अ‍ॅक्रेडिटेड' असेच लिहितात. त्यामुळे व्यवहारात भेद शिल्लक आहे असेच धरून चला.

तपासण्याची पद्धत : शिक्षण खात्याच्या 'डापिप' या माहितीसाठ्यात कॉलेजचे नाव टाका. मान्यता देणारी संस्था, मान्यतेची तारीख आणि काही कारवाई चालू असल्यास तीही दिसते. 'प्रोबेशन' किंवा 'शो कॉज' हे शब्द दिसले तर तूर्त थांबा. कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या सोनेरी शिक्क्यांवर विसंबू नका. एसीआयसीएस नावाच्या मान्यता संस्थेचीच सरकारी ओळख २०२२ साली गेली, आणि तिच्या छत्राखालच्या कॉलेजांना नवी मान्यता शोधत फिरावे लागले.

विभागासाठी : बिझनेसला एएसीएसबी (१९१६ पासूनची), एसीबीएसपी आणि आयएसीबीई. पुढे नामांकित एमबीए डोक्यात असेल तर एएसीएसबीला वजन आहे. सीजेला अशी सर्वमान्य विभागीय मान्यता नाही. एसीजेएस ही अध्यापकांची संघटना काही अभ्यासक्रमांना प्रमाणपत्र देते, पण ते नाही म्हणून कोणाचे अडत नाही.

आणखी एक. दुसऱ्या राज्यातले कॉलेज तुमच्या राज्यात ऑनलाइन शिकवू शकते का, हे एनसी-सारा या करारावरून ठरते. कॅलिफोर्निया त्या करारात नाही. तिथे राहणाऱ्यांनी प्रवेशाआधी कॉलेजला थेट विचारावे, 'कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्याला या पदवीसाठी घेता का?'

---

खडूस_मास्तर | मंगळ, ०९:०५

सगळे हिशेबावरच बोलताहेत. दोन विषय एकत्र शिकण्यात काही अर्थ आहे का, हे कोणी सांगतच नाही. आहे, पण तो जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात तिथेच. बाकी मार्केटिंगचा विषय आणि तुरुंग प्रशासनाचा विषय शेजारी ठेवून काही साधत नाही.

छेद कुठे आहे बघा. एडविन सदरलँडने १९३९ साली 'व्हाइट कॉलर क्राइम' ही संज्ञा मांडली तोवर गुन्हेगारीशास्त्र गरिबी आणि गल्लीबोळाभोवतीच घोटाळत होतं. त्याचाच विद्यार्थी डॉनल्ड क्रेसी याने अफरातफर करणाऱ्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून पुढे फ्रॉड ट्रँगल आला : दडपण, संधी, आणि स्वतःला पटवलेलं समर्थन. बिझनेसवाले हा त्रिकोण ऑडिटमध्ये शिकतात, सीजेवाले सिद्धान्तात. दोन्हीकडे शिकलेल्याला कळतं की कंपनी फक्त 'संधी' ही एकच बाजू कापू शकते. इंटर्नल कंट्रोल म्हणजे तेच. दडपण आणि समर्थन माणसाच्या डोक्यात असतं.

दुसरा छेद कायद्याचा, आणि इथे बहुतेक विद्यार्थी गोंधळतात. क्रिमिनल प्रोसिजरमध्ये मिरँडा (१९६६ : गप्प राहण्याच्या हक्काची सूचना), टेरी (१९६८ : रस्त्यावरची झडती), मॅप (१९६१ : बेकायदा मिळवलेला पुरावा बाद) हे खटले शिकून झाले की मुलं कंपनीतल्या अंतर्गत चौकशीच्या असाइनमेंटमध्ये लिहितात, 'एचआरने मिरँडा वाचून दाखवला नाही म्हणून कबुली बाद.' चूक. चौथी (झडतीपासून संरक्षण) आणि पाचवी (स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क) घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. खासगी माणसाने स्वतःच्या मनाने मिळवलेला पुरावा सरकारला वापरता येतो, हे बर्डो वि. मॅकडॉवेल (१९२१) पासून चालत आलंय. मात्र पोलिसांच्या सांगण्यावरून तपासणी केली की तो माणूस सरकारचा हस्तक ठरतो आणि चित्र पालटतं.

कंपनीच्या चौकशीत लागू होतात ते नियम निराळे :

– वाइनगार्टन (१९७५) : युनियनमधल्या कर्मचाऱ्याने मागितलं तर चौकशीच्या मुलाखतीत प्रतिनिधी हवा. मागायचं त्याने, आपणहून सांगायची जबाबदारी मालकावर नाही.
– अपजॉन (१९८१) : कंपनीचा वकील कंपनीचा असतो, कर्मचाऱ्याचा नाही. मुलाखतीआधी हे सांगितलं नाही तर गोपनीयतेचा गुंता होतो.
– गॅरिटी (१९६७) : सरकारी कर्मचाऱ्याला नोकरी घालवण्याच्या धाकाने बोलायला लावलं तर ते बोलणं फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही.
– १९८८ चा पॉलिग्राफ कायदा : बहुतेक खासगी मालकांना लाय डिटेक्टर वापरायला बंदी. चोरीच्या चालू चौकशीत सूट आहे, पण अटी कडक.
– एफसीआरए कायदा : बाहेरच्या एजन्सीकडून काढलेल्या बॅकग्राउंड अहवालावरून नोकरी नाकारायची तर आधी उमेदवाराला अहवालाची प्रत आणि हक्कांचा कागद द्यावा लागतो.

हे पाच ज्याला नीट सांगता येतात त्याचा जोडपदवीचा पैसा वसूल. कॅटलॉगमध्ये 'व्हाइट कॉलर क्राइम', 'फ्रॉड एक्झामिनेशन', 'कॉर्पोरेट इन्व्हेस्टिगेशन्स' यांपैकी एकही विषय नसेल तर ती जोडपदवी नाही, दोन अर्ध्या पदव्या आहेत.

---

रानवारा | मंगळ, ०९:४०

मास्तर, दंडवत _/\_

---

पानगळ | मंगळ, १८:१६

एच-४ वाल्यांसाठी :

एच-४ वर पूर्णवेळ, अर्धवेळ, ऑनलाइन, कसंही शिकता येतं. त्यासाठी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यायची गरज नाही. फाफ्सा (सरकारी शिक्षण मदतीचा अर्ज) मात्र भरून उपयोग नाही, फेडरल मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि ठरावीक इतर गटांनाच. इन-स्टेट फीचं (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) राज्यागणिक बदलतं, पण अनेक सरकारी विद्यापीठांचे ऑनलाइन विभाग सगळ्यांना एकच दर लावतात, तिथे हा प्रश्नच मिटतो.

प्रॅक्टिकम किंवा इंटर्नशिप सक्तीची असेल तर आधी विचारा. ईएडी (कामाचा परवाना) नसताना पगारी इंटर्नशिप करता येत नाही, आणि 'बिनपगारी आहे, चालेल' हे कंपनीने म्हटलं म्हणून चालतं असंही नाही. बहुतेक ऑनलाइन पदव्यांत पर्याय म्हणून कॅपस्टोन प्रकल्प असतो. तो पर्याय कॅटलॉगमध्ये लिहिलेला हवा.

मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठा खड्डा : एच-४ वरचं मूल २१ पूर्ण झालं की तो दर्जा संपतो आणि सहसा एफ-१ वर जावं लागतं. एफ-१ वर पूर्णवेळ अभ्यासक्रमात एका सत्रात एकच ऑनलाइन वर्ग, किंवा जास्तीत जास्त ३ क्रेडिट, मोजले जातात. म्हणजे पूर्ण ऑनलाइन पदवीवर आय-२० (एफ-१ साठी कॉलेज देतं तो कागद) मिळतच नाही. मूल १८-१९ वर्षांचं असेल आणि ग्रीन कार्ड लांब असेल तर पहिल्यापासूनच असं कॉलेज धरा ज्याचा कॅम्पसही गाठता येईल आणि तीच पदवी कॅम्पसवरही मिळते. मधेच कॉलेज बदललं की रेसिडेन्सीचे ३० क्रेडिट पुन्हा पहिल्यापासून.

भारतातून पूर्ण ऑनलाइन पदवी करून मग ओपीटीवर (एफ-१ वाल्यांना मिळणारी तात्पुरती कामाची मुभा) येऊ, असं विचारणारेही भेटतात. व्हिसा नाही तर ओपीटी नाही.

---

चौकस | मंगळ, १८:५०

हे एफ-१ चं कलम बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल. भारतात बी.कॉम. झालेल्यांना काही सूट मिळते का?

---

नियमावली | मंगळ, १९:२२

मिळू शकते. एनएसीईएस या मूल्यमापन संस्थांच्या संघटनेची सभासद असलेल्या संस्थेकडून (डब्ल्यूईएस, ईसीई वगैरे) विषयवार मूल्यमापन करून घ्यावे. नुसते 'पदवी समकक्ष आहे' असे सांगणारे साधे मूल्यमापन ट्रान्सफरला चालत नाही. आधी कॉलेजला विचारा, ते कोणाचा अहवाल मानतात. काही कॉलेजे ते काम स्वतःच करतात.

भाषा, अर्थशास्त्र, गणित, प्राथमिक अकाउंटिंग सहसा धरले जाते. भारतीय कंपनी कायदा आणि आयकर मोकळ्या ऐच्छिकांत टाकतात, कारण अमेरिकन बिझनेस लॉ किंवा टॅक्सच्या जागी ते बसत नाहीत.

नावाचाही घोळ आधीच मिटवावा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर अमेरिकन कागदांवर पहिले नाव 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) होऊन बसते. कॉलेजचे खाते, सोशल सिक्युरिटी आणि ऑनलाइन परीक्षेतले ओळखपत्र या तिन्हींवर नाव जुळले नाही, तर परीक्षेच्या दिवशी प्रॉक्टर (पर्यवेक्षक) आत सोडत नाही.

---

डेबिट_क्रेडिट | मंगळ, २१:०३

पैशाचं थोडक्यात, कारण हे जालावर कुठेही सापडतं.

पेल ग्रँट (गरजूंना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत) २०२५-२६ ला कमाल ७,३९५ डॉलर. स्वतःच्या नोकरीतून मिळणारी शिक्षण मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त. टॅक्स क्रेडिट : अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी कमाल २,५००, पहिल्या चारच वर्षांसाठी आणि निदान अर्धवेळ प्रवेश हवा. जॉइंट रिटर्नला उत्पन्न १,६०,००० ओलांडलं की घटत जातं, १,८०,००० ला शून्य. दोघेही आयटीत असतील तर ते आहे असं धरूच नका.

आता जे सापडत नाही ते. फेडरल मदत घेऊन सत्र अर्धवट सोडलं तर 'रिटर्न ऑफ टायटल फोर' (मदत परतीचा नियम) लागतं. सत्राचे ६० टक्के दिवस व्हायच्या आत सगळं सोडलं तर जितके दिवस झाले तितक्याच प्रमाणात मदत तुमची. ११२ दिवसांच्या सत्रात ३० व्या दिवशी सोडलं तर जेमतेम २७ टक्के. उरलेली रक्कम परत जाते आणि कॉलेज ती तुमच्याकडून वसूल करतं. फी परत मिळण्याची मुदत मात्र केव्हाच संपलेली असते. शिवाय 'डब्ल्यू' (विषय सोडल्याची) ही ग्रेड जीपीएत धरत नाहीत, पण घेतलेल्या क्रेडिटपैकी ६७ टक्के पुरे करण्याच्या अटीत ती नापासासारखीच मोजतात. लागोपाठ दोन सत्रं असं झालं की मदत बंद.

---

खडूस_मास्तर | मंगळ, २१:४४

आणि लोक सत्र अर्धवट का सोडतात, तर आठ आठवड्यांचा विषय म्हणजे 'छोटा' विषय असं वाटतं म्हणून. तीन क्रेडिट म्हणजे एकंदर १३५ तासांचं काम, सत्र पंधरा आठवड्यांचं असो की आठ. आठात बसवलं की आठवड्याला १७ तास. दोन विषय एकदम, ३४ तास. वर नोकरी. करा हिशेब.

आठवड्याची रचना बहुतेक ठिकाणी ठरलेली : बुध-गुरुवारपर्यंत चर्चेची पहिली नोंद, रविवारपर्यंत दोघांना उत्तरं, रविवारी रात्रीच क्विझ किंवा असाइनमेंट. मुदत कॉलेजच्या टाइमझोनप्रमाणे असते.

सीजेच्या आकडेवारीच्या असाइनमेंटमध्ये हमखास गुण जातात ते असे. एफबीआयने १ जानेवारी २०२१ पासून जुनी सारांश पद्धत सोडून निब्रस (घटनानिहाय नोंदीची पद्धत) धरली. जुन्या पद्धतीत एका घटनेतला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजत, निब्रसमध्ये एका घटनेत दहापर्यंत नोंदवता येतात. त्यात २०२१ ला न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससकट अनेक पोलीस खात्यांचे आकडे आलेच नाहीत. मुलं २०१५ ते २०२२ ची सरळ रेघ काढतात आणि २०२१ च्या खाचेवर निष्कर्ष लिहून मोकळी होतात. शिक्षक लाल शाई घेऊन तिथेच बसलेला असतो. शेजारी एनसीव्हीएस, म्हणजे घरोघर 'तुमच्या बाबतीत गुन्हा घडला का' विचारणाऱ्या पाहणीचे आकडे ठेवून बघितले तर ही चूक होत नाही.

अवांतर : ऑनलाइन परीक्षेआधी कॅमेऱ्याने खोली फिरवून दाखवायला लावतात. २०२२ साली ओहायोतल्या फेडरल जिल्हा न्यायालयाने एका सरकारी विद्यापीठाची अशी खोली-तपासणी चौथ्या घटनादुरुस्तीविरुद्ध ठरवली होती (ओगलट्री वि. क्लीव्हलँड स्टेट). सीजेच्या निबंधाला विषय आयताच. खासगी कॉलेजला हा युक्तिवाद लावू नका, बर्डोचा मुद्दा वर सांगितलाय.

---

ताळेबंद | बुध, ०८:१०

आता नोकऱ्या. इथे पदवीच्या नावाला फारसं कोणी विचारत नाही, ट्रान्स्क्रिप्टवर कशाचे किती क्रेडिट आहेत ते मोजतात.

आयआरएसचा (फेडरल करखात्याचा) क्रिमिनल इन्व्हेस्टिगेशन विभाग, स्पेशल एजंट : अकाउंटिंगचे १५ सेमिस्टर क्रेडिट, आणि फायनान्स, अर्थशास्त्र, बिझनेस लॉ, टॅक्स लॉ, मनी अँड बँकिंग यांतले मिळून ९. हे ९ बिझनेसच्या गाभ्यातच आपोआप होतात (सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, बिझनेस लॉ). अडतं ते १५ ला. साध्या बिझनेस पदवीत अकाउंटिंग म्हणजे फायनान्शियल आणि मॅनेजरियल, ६ क्रेडिट. आणखी ९ हवेत : इंटरमिजिएट एक, इंटरमिजिएट दोन आणि ऑडिटिंग. डबल मेजरमध्ये मोकळी जागा नसते हे वर लिहिलंय, म्हणून हे तीन विषय पहिल्याच सत्रात आराखड्यात बसवून घ्या. सीजेचे ऐच्छिक विषय गेले तरी चालतील.

फेडरल अकाउंटंट किंवा ऑडिटर (०५१० आणि ०५११ मालिका) : अकाउंटिंगची पदवी, नाहीतर संबंधित पदवीत अकाउंटिंगचे २४ क्रेडिट. त्यात ६ पर्यंत बिझनेस लॉ धरता येतो.

एफबीआय स्पेशल एजंट : नागरिकत्व, मान्यताप्राप्त कॉलेजची पदवी, दोन वर्षांचा पूर्णवेळ व्यावसायिक अनुभव, वय २३ पूर्ण आणि ३७ व्या वाढदिवसाआधी नेमणूक. कुठलीही पदवी चालते, सीजेला खास प्राधान्य नाही. उलट हिशेब, भाषा आणि संगणक जाणणारे त्यांना हवे असतात.

जीपीए : नुसती पदवी म्हणजे फेडरल नोकरीत जीएस-५ ही पगारश्रेणी. एकूण ३.०, किंवा मेजरच्या विषयांत ३.५ असेल तर 'सुपीरियर अ‍ॅकॅडेमिक अचीव्हमेंट' खाली जीएस-७ ला अर्ज करता येतो. एका ढिल्या सत्राची किंमत दोन पायऱ्या.

---

पानगळ | बुध, ०८:३५

@ताळेबंद, यात वयाचा हिशेब घाला. ३३ व्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालं तर सर्वसाधारण मार्गाने नागरिकत्व ३८ च्या आसपास. एजंटपदाची वेळ निघून गेलेली. अशांनी फोरेन्सिक अकाउंटंट, अ‍ॅनालिस्ट यांसारख्या पदांकडे बघावं, त्यांना ३७ ची अट नाही.

आणि एसएफ-८६. सुरक्षा तपासणीच्या या अर्जात परदेशी नातेवाईक, परदेशातली मालमत्ता आणि बँक खाती सगळं लिहावं लागतं. गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव लागलंय, आईबरोबर जॉइंट खातं आहे, सोसायटीत फ्लॅट आहे, हे सगळं यात येतं. असणं हा दोष नाही, लपवणं हा आहे. अर्ज हातात आल्यावर कागद शोधत बसण्यापेक्षा यादी आधीपासून करत राहा.

---

रानवारा | बुध, ०९:१२

मग नागरिक नसलेल्यांनी ही पदवी घेऊच नये का?

---

डेबिट_क्रेडिट | बुध, १०:४०

@रानवारा, घ्यावी, फक्त रोख खासगी क्षेत्राकडे ठेवावा. कामाचा परवाना असला की बँकांचे एएमएल विभाग (काळा पैसा पांढरा करणं रोखणारे), विमा कंपन्यांची एसआययू (फसवणूक तपास पथकं), क्रेडिट कार्डांचे फ्रॉड विभाग, रिटेलमधलं लॉस प्रिव्हेन्शन (चोरी रोखणं), कंपन्यांचं कम्प्लायन्स (नियमपालन) हे सगळं खुलं असतं.

बँकेत काम काय असतं ते सांगतो. १९७० च्या बँक सीक्रसी अ‍ॅक्टनुसार एका दिवसात १०,००० डॉलरच्या वर रोख आली-गेली की सीटीआर (रोख व्यवहाराचा अहवाल). ५,००० किंवा जास्तीचा व्यवहार संशयास्पद वाटला की एसएआर (संशयास्पद व्यवहाराचा अहवाल), संशय आल्यापासून ३० दिवसांत फिनसेन या आर्थिक गुन्ह्यांच्या सरकारी विभागाकडे. संशयित ओळखता आला नसेल तर ६० पर्यंत. एसएआर भरल्याचं ग्राहकाला सांगणं हा गुन्हा आहे.

एसएआरचा मजकूर लिहिणं हीच खरी कसोटी. कोण, काय, केव्हा, कुठे, का आणि कसं, तारीखवार. 'ग्राहक विचित्र वागत होता' हे वाक्य निरुपयोगी. 'अमुक तारखांना चार शाखांत प्रत्येकी ९,५०० रोख भरली, जाहीर केलेला व्यवसाय किराणा, मागच्या वर्षभराची सरासरी रोख याच्या एक दशांश' असं हवं. सीजेच्या रिपोर्ट रायटिंगमध्ये जी वाक्यरचना घोटून घेतात ती इथे कामाला येते आणि व्यवहार कुठला चमत्कारिक हे अकाउंटिंग शिकवतं. या कामापुरती तरी जोडपदवी सरस आहे असं माझं मत.

प्रमाणपत्रं : सीएफईसाठी (फसवणूक तपासनीसाचं प्रमाणपत्र) परीक्षेला बसायला शिक्षण-अनुभवाचे ४० गुण आणि प्रमाणपत्राला ५०, शिवाय संबंधित कामाचा दोन वर्षांचा अनुभव. बॅचलर पदवीचेच ४० धरतात, म्हणजे परीक्षेला लगेच बसता येतं, मग अनुभव पुरा झाला की प्रमाणपत्र. ते देणाऱ्या एसीएफईचं विद्यार्थी सभासदत्व स्वस्त आहे. एएमएलकडे कॅम्स हे प्रमाणपत्र चालतं. सीपीए (परवानाधारक हिशेबनीस) ही वेगळी मोठी वाट : पारंपरिक अट १५० क्रेडिटची, २०२५ पासून काही राज्यांनी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा पर्याय आणलाय. तुमच्या राज्याच्या बोर्डाचं पान बघा.

---

नियमावली | बुध, १३:०५

पोलीस खात्यात जायचे म्हणून ही पदवी घेणाऱ्यांसाठी : पदवी म्हणजे अकादमी नव्हे. बहुतेक राज्यांत पदवी असो वा नसो, पोलीस अकादमी वेगळी करावीच लागते. मिनेसोटात तर राज्याच्या पोलीस मंडळाने मान्य केलेलेच शिक्षण लागते, बाहेरच्या राज्यातली कुठलीही ऑनलाइन सीजे पदवी तिथे चालेल असे धरू नये. नागरिकत्वाची अट बहुतेक राज्यांत आहे. कॅलिफोर्नियाने ती २०२३ पासून काढली, पण कामाचा कायदेशीर परवाना लागतोच.

---

खडूस_मास्तर | बुध, १४:२०

आता एक स्पष्ट मत. फ्रॉडकडेच जायचं नक्की असेल तर डबल मेजरची कसरत सोडा. अकाउंटिंगचं मेजर आणि सीजेचा मायनर, किंवा सरळ फ्रॉड-आर्थिक गुन्हे असंच नाव असलेली पदवी बघा. न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजात 'फ्रॉड एक्झामिनेशन अँड फायनान्शियल फोरेन्सिक्स' हे मेजर आहे, युटिका विद्यापीठातही आर्थिक गुन्ह्यांवरचा अभ्यासक्रम आहे. यांचे कॅटलॉग नमुना म्हणून समोर ठेवा आणि तुमच्या कॉलेजची विषययादी त्याच्याशी ताडून बघा. डबल मेजर कोणाला शोभतो? पुढे लॉ स्कूल किंवा सरकारी खात्यात प्रशासन करायचंय त्याला.

---

ताळेबंद | बुध, १५:०२

मायनरबद्दल सहमत, एका अटीवर. काही बँका भरतीत अर्ज चाळताना मेजरचा रकाना बघतात, आणि 'अकाउंटिंग' दिसलं की तिथे तुमचं भलंच होतं. पण राज्य सरकारांच्या काही तपास पदांना 'सीजे किंवा संबंधित विषयातली पदवी' असं छापलेलं असतं. तिथे अकाउंटिंग 'संबंधित' आहे की नाही हे भरती अधिकारी ठरवतो. अशा पदांच्या पाच-सहा जाहिराती आजच उतरवून ठेवा, त्यांतले अटींचे शब्द वेगळे काढा आणि मग मेजर ठरवा.

---

रानवारा | बुध, २०:४७

शेवटची शंका. आठ आठवड्यांच्या सत्रांत कुठले विषय एकत्र घ्यायचे नाहीत?

---

ताळेबंद | बुध, २१:१५

इंटरमिजिएट अकाउंटिंग एकटाच घ्या, जोडीला फार तर जनरल एज्युकेशनचा हलका विषय. क्रिमिनल प्रोसिजर आणि बिझनेस लॉ एकाच सत्रात नकोत, दोन्हीकडे दर आठवड्याला खटल्यांचे ब्रीफ (सारांश) लिहायचे असतात. स्टॅटिस्टिक्स झाल्याशिवाय रीसर्च मेथड्सला हात लावू नका, सिस्टीम सोडत असली तरी. इंटरमिजिएट दोन आणि ऑडिटिंग काही ठिकाणी वर्षातून एकदाच लागतात, म्हणून इंटरमिजिएट एक कधी घ्यायचा ते उलटं मोजत या. कॅपस्टोन दोन्ही मेजरचे वेगळे असतात, ते एका सत्रात घेऊ नका. एकाच पेपरवर दोन्ही भागवायचं असेल तर दोन्ही शिक्षकांची लेखी परवानगी आधी, नाहीतर टर्निटिन (नक्कल पकडणारी प्रणाली) तुमचाच पेपर तुमच्याविरुद्ध उभा करतं.